सगळे कप चांगले

विम्याचा माणूस गुरुवारी अकरा वाजता घरी येणार, असा फोन मंगळवारी आला, आणि तेव्हापासून टिचकीमावशी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होती.

फोन लेकीनेच घेतला. मावशी हल्ली फोनला हात लावत नसे. उजव्या कानाला लावला तरी समोरच्याचं बोलणं डोक्यातल्या वाजण्यात बुडून जायचं आणि मग नुसतं हो हो करत बसावं लागायचं. विम्याच्या माणसापुढे नुसतं हो हो करून भागणार नाही, एवढं तिलाही कळत होतं.

टिचकीमावशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. कपबशांचा कारखाना. तिथे तीस वर्षं मावशीने एकच काम केलं. भट्टीतून निघून गार झालेला कप डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने त्याला टिचकी मारायची आणि डाव्या कानाशी न्यायचा. चांगला कप लांब आणि स्वच्छ वाजतो. तडा गेलेला कप, मग तो तडा केसाहून बारीक असो, डोळ्यांना दिसतही नसो, बद्द वाजतो. चांगला कप उजवीकडच्या ट्रेमध्ये. बद्द वाजलेला पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपात, आणि तोही फोडून. फोडायचाच, असा नियम होता. नाहीतर कुणीतरी दयाबुद्धीने तो परत चांगल्यांच्या ढिगात घालायचं. हे सगळं मावशीचा हात आपसूक करायचा. तोंड शेजारणीशी भांडण्यात गुंतलेलं असलं तरी हाताची चूक होत नसे. शेजारणीही हे कबूल करायच्या, आणि शेजारणींनी कबूल केलं म्हणजे काय ते समजा.

तीन महिन्यांपूर्वी कारखान्याच्या मागच्या गल्लीत सामान पोचवणारी एक गाडी मागे न बघता मागे आली. मावशी पडली आणि तिचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. टाके पडले, पंधरा दिवसांत सुकले, आणि भेटायला येईल तो म्हणाला, थोडक्यात निभावलं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? डावा कान त्या दिवशी बंद झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तीन इवलीशी हाडं असतात, त्यातलं एक जागेवरून सरकलंय. ऑपरेशन केलं तर बहुतेक ऐकू येईल. ते ऑपरेशन त्या गाडीच्या विमा कंपनीने मंजूर करायचं होतं. कंपनीचं म्हणणं, बाईंचं वय चोपन्न, त्यात कारखान्याचा गोंगाट, कान आधीच गेला नसेल कशावरून? म्हणून चौकशीला माणूस येणार होता.

मावशीला दुसरं काही नको होतं. ऑपरेशन व्हावं, कान परत यावा आणि आपण कारखान्यातल्या आपल्या स्टुलावर जाऊन बसावं. तिथल्या भट्टीमास्तरने ते स्टूल तीन महिने कुणाला दिलं नव्हतं. पण किती दिवस ठेवील बिचारा?

"आई, नीट ऐक," लेक म्हणाली. ती विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे माणसं खोटं कसं बोलतात आणि ऑफिसं खऱ्यालाही खोटं कसं ठरवतात, दोन्ही तिला तोंडपाठ होतं. "तो डावीकडून बोलला तर वळायचं नाही."

"पण त्याचं तोंड हलताना दिसलं तर मी वळेनच की."

"नाही वळायचं. आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मान हलवायची नाही. तुला सवय आहे ती."

"अगं, पण मला खरंच ऐकू येत नाही."

"म्हणूनच सांगतेय. पॅकिंगवाल्याची पाठ पण खरीच दुखत होती."

पॅकिंगवाल्याची गोष्ट सगळ्या कारखान्याला माहीत होती. पाठीला मार लागला, सहा महिने बिचारा वाकडा चालला. एक दिवस त्याने पुतण्याला क्षणभर खांद्यावर घेतलं आणि समोरच्या गाडीतून कुणीतरी फोटो काढला. त्या एका फोटोने सहा महिन्यांचं दुखणं पुसून टाकलं. तेव्हापासून मावशी पिशवी घेऊन रस्त्याने निघाली की थांबलेल्या प्रत्येक गाडीत डोकावून बघायची. डावी बाजू तर अशी मुकी झाली होती की तिकडून माणूस एकदम अंगाशीच उगवायचा. सायकल, कुत्रं, शेजारीण, काहीही. आधी चाहूल म्हणून नाही. ती भिंतीला डावा खांदा घासत चालायला लागली, म्हणजे त्या बाजूने निदान भिंतच असेल.

बुधवारी संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या संपवून वळली तर लेक हातभर अंतरावर उभी. मावशी दचकून भिंतीवरच गेली.

"कधी आलीस तू?"

"केव्हाची हाका मारतेय. छान. उद्या अगदी असंच," लेक म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिचा चेहरा उतरला.

खरं असलेलं दुखणं खरं दिसावं म्हणून त्याची तालीम करायची. असली पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला तो आला. मावशीने मनात कुणीतरी दांडगा, डोळे वटारणारा माणूस धरला होता. हा तर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरासारखा निघाला. बूट बाहेर काढले, पाणी मागून घेतलं, घर किती स्वच्छ ठेवलंय म्हणाला. आवाज इतका मऊ की उजव्या कानालाही तो अर्धाच पोचायचा. लेकीने नंतर त्याचं नाव मऊसाहेब ठेवलं. त्या वेळी मात्र दोघींची पाचावर धारण बसली होती. ओरडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी, की आता तो ओरडतोय.

खुर्च्या तीन होत्या. त्याने नेमकी मावशीच्या डावीकडची घेतली.

"मॅडम, अपघाताआधी तुम्हाला कधी कमी ऐकू यायचं?"

मावशीला ओठ हलताना दिसले. वळायचं नाही. तिने समोरच्या कपाटाकडे नजर लावली आणि मानेचा खांब केला. आपण खरं असून चोरासारखं बसलोय, हे तिला कळत होतं, आणि चोरासारखं बसलेलं माणूस चोरच दिसतं, हेही कळत होतं.

"आईला त्या बाजूने ऐकू येत नाही," लेक म्हणाली.

"हो का? माफ करा," असं म्हणून तो खुर्ची सरकवून समोर आला आणि वहीत काहीतरी लिहिलं. पाऊण तास त्याने प्रश्न विचारले. गाडी कुठून आली, डोकं कुठे लागलं, रेडिओ आहे का घरात, तो कोण लावतं, दारावरची घंटा वाजली तर कोण उठतं. मावशीने सगळ्याची खरी उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तर तोंडातून बाहेर पडल्यावर खोटं वाटायला लागलं.

"डोक्यात आवाज येतो म्हणता. कसला?"

"वाजतं," मावशी म्हणाली. "सारखं."

"कसं वाजतं?"

"वाजतं म्हणजे वाजतं." त्याहून पुढे ती गेली नाही. का गेली नाही, ते तिचं तिलाच माहीत.

शेवटी लेकीने चहा उकळला. पाहुण्यांसाठीचा निळ्या काठाचा कप काढून तिने मावशीपुढे ठेवला. भांडं मावशीच्याच हाताशी होतं. मावशीने कप उचलला. डाव्या हातात धरला, उजव्या हाताने टिचकी मारली, डाव्या कानाशी नेला, मान हलवली, खाली ठेवला आणि त्यात चहा ओतला.

मावशीने वर बघितलं तर लेकीच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"हे आत्ता काय केलंत, मॅडम?" मऊसाहेबांनी विचारलं.

"काय केलं?"

"कप वाजवून ऐकलात."

मावशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. तीस वर्षांत तिने घरीदारी कुठेही टिचकी मारल्याशिवाय कप भरला नव्हता. लोक चपला काढतात तसं ते होतं, कुणी त्याचा हिशेब ठेवतं का?

"सवय आहे," ती म्हणाली.

"अर्थात. आणि कप कसा निघाला? चांगला?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. पण कपाबद्दल खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"चांगला आहे," ती म्हणाली.

त्याने लिहिलं, परवानगी मागून त्या कपाचा फोटो काढला, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि चहा छान झाल्याचं सांगून गेला.

"आई," लेक दार लावून म्हणाली, "अगं, काय करून बसलीस तू?"

आठ दिवसांत पत्र आलं. लेकीने ते उभ्यानेच वाचून दाखवलं. बाई आपल्या कामापुरतं ऐकू शकतात असं दिसून आल्यामुळे शेवटचा निर्णय घेण्याआधी एक चाचणी होईल. सोमवारी, कारखान्यात, भट्टीमास्तरांच्या समक्ष. बाईंनी बारा कप वाजवून चांगले कुठले आणि तडा गेलेले कुठले ते सांगायचं.

म्हणजे दोन्हीकडून कात्री. कप ओळखले तर कान ठीक, मग ऑपरेशन कशाला? नाही ओळखले तर ते भट्टीमास्तरच्या डोळ्यांदेखत. मग ते स्टूल कोण ठेवील?

"सोपं आहे," लेक म्हणाली, पण तिचा आवाज सोपा नव्हता. "मुद्दाम चुकायचं. दोन-चार चांगले कप तडा गेलेले म्हणून सांगायचे. मास्तरांना मी मागाहून सगळं समजावीन."

मावशीने हो म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक कामावर गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली.

अपघातानंतर ती कपाला टिचकी मारत होती, पण ऐकत नव्हती. हात आपलं काम करायचा आणि ती मान हलवायची. तडा गेलेला कप मुद्दाम घेऊन बघावा, असं तीन महिन्यांत शंभरदा मनात आलं आणि शंभरदा तिने ते ढकललं. आता ढकलायला जागा उरली नव्हती. तिने फळीवरचे सगळे कप टेबलावर मांडले, निळ्या काठाचासुद्धा. पहिल्याला टिचकी मारली. लांब, स्वच्छ वाजला. दुसरा, तिसरा, सगळे. एकापेक्षा एक. मग तिने मोरीतला प्लास्टिकचा मग आणला.

मगही वाजला. लांब आणि स्वच्छ, पहिल्या प्रतीच्या कपासारखा.

मावशी खाली जमिनीवर बसली. मग तिने बसल्या बसल्या टेबलाच्या पायाला टिचकी मारली. लाकडाचा पाय. तोही तसाच वाजला. तिने कप उजव्या कानाशी नेऊन पाहिला, कानात बोट घालून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही.

तेच तर ती मऊसाहेबांना सांगू शकली नव्हती, डॉक्टरला नाही, लेकीलाही नाही. डोक्यातलं ते वाजणं गुणगुण नव्हती, शिट्टी नव्हती. तो चांगल्या कपाचा आवाज होता. अगदी तोच सूर, जो ती तीस वर्षं ट्रे भरभरून ऐकत आली होती. तो चोवीस तास चालू असायचा, पण टिचकी मारली की वाटायचं, या टिचकीनेच उठला. तिच्यापुरता जगात आता तडा गेलेला कपच उरला नव्हता.

डॉक्टरने हाडाची खात्री दिली होती. वाजण्याबद्दल तो एवढंच म्हणाला होता, जाईल किंवा राहील, सांगता येत नाही. राहिलं तर? ऑपरेशन होऊन कान उघडला आणि त्यात हेच वाजत राहिलं, तर त्या स्टुलावर बसून ती काय करणार होती? मावशीला इतकी भीती वाटली की ती उठून पुन्हा कडी नीट लागली आहे का ते बघून आली. जणू कुणी बाहेरून हे ऐकणार होतं.

सोमवारी भट्टीमास्तरच्या खोलीत लाकडी टेबलावर बारा पांढरे कप ओळीने मांडलेले होते. भट्टीमास्तर खुर्चीच्या कडेवर बसला होता. तिच्याच वयाचा माणूस, भट्टीच्या धगीने भुवया कधीच झडलेल्या. तो तिच्याकडे बघून हसला आणि लगेच खाली बघायला लागला. लेकीला दाराशी उभं राहायची परवानगी मिळाली होती, बोलायची नाही. खिडकीतून पलीकडचा हॉल दिसत होता आणि हॉलच्या टोकाला ते रिकामं स्टूल.

"घाई नाही, मॅडम," मऊसाहेब म्हणाले. "यातले काही चांगले आहेत, काही तडा गेलेले. चांगले उजवीकडे ठेवा, खराब डावीकडे."

मावशीने पहिला कप उचलला. पहिली टिचकी निसटली. दुसऱ्यांदा मारली. लांब, स्वच्छ. तिने तो उजवीकडे ठेवला. दुसरा. उजवीकडे. तिसऱ्याला दाराशी लेक खोकली. आता, आई, आता चूक. मावशीला ते खोकणं ऐकू आलं नाही, पण लेकीचा हात तोंडाशी गेलेला दिसला आणि तिला कळलं. तिसरा कप हातात घेऊन ती क्षणभर थांबली. हा खराब आहे, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. तिने तीस वर्षांत चांगल्या वाजणाऱ्या कपाला कधी पिंप दाखवलं नव्हतं. आणि हा तर वाजत होता. हात उजवीकडे गेला. चौथा, पाचवा, सहावा. लेकीने डोळे मिटून घेतले. बाराच्या बारा कप उजवीकडे जमले.

"सगळे चांगले?" मऊसाहेबांनी विचारलं.

"सगळे चांगले," मावशी म्हणाली.

त्यांनी वहीत लिहिलं, टोपण लावलं आणि पहिल्यांदाच थोडं मोठ्याने बोलले. "मास्तर, सांगा आता."

भट्टीमास्तरने घसा खाकरला. "बाई, साहेबांनी मला बाराही कप चांगलेच काढायला सांगितले होते. यात खराब एकही नाही."

दाराशी लेकीने चौकटीला धरलं. मुद्दाम चूक करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा होता तो. आई तिच्या सल्ल्याने वागली असती तर जागच्या जागी खोटी ठरली असती. आणि सल्ला न ऐकून काय झालं? बारापैकी बारा बरोबर. आता जगातल्या कुठल्या साहेबाला पटणार होतं की या बाईला ऐकू येत नाही?

"अभिनंदन, मॅडम," मऊसाहेब वही मिटत म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. "तुमचा कान उत्तम आहे."

मावशी उठली नाही. तिने एकदा खिडकीतून त्या स्टुलाकडे बघितलं. मग समोरच्या लाकडी टेबलाला टिचकी मारली आणि वाकून कान लावला.

"हे टेबलही चांगलं आहे, साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने हात लांब करून भिंतीला टिचकी मारली. "ही भिंतपण चांगली." मग त्यांच्या मिटलेल्या वहीला. "वहीसुद्धा चांगली वाजते तुमची. पहिल्या प्रतीची." तिचा आवाज फाटला, पण आता ती थांबेना. "मला सगळंच चांगलं वाजतं. डोक्यात चांगला कप वाजतोय हो, तीन महिने, झोपेतसुद्धा. मला खराब कप ऐकूच येत नाही. हे मास्तरांसमोर बोलायचं नव्हतं मला."

दाराशी लेकीने तोंडावर हात धरला. मऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी पुष्कळ नाटकं बघितली असणार आणि हेही त्यातलंच एक असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

भट्टीमास्तर उठून बाहेर गेला. परत आला तो हात पाठीमागे धरून.

"डोळे मिटा, बाई," तो तिच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला. "आणि हा दांडीला धरा. बोलायचं काही नाही. आपण कामावर बसलोय असं समजून काम करा."

मावशीने डोळे मिटले. तिच्या डाव्या हातात कपाची दांडी आली. उजव्या हाताने टिचकी मारली.

बद्द.

खोलीतल्या तिघांनी ते ऐकलं. फुटक्या मडक्यावर काठी पडावी तसला आवाज, लहान पोरालाही कळला असता. मावशीने कप कानाशी नेला, मान हलवली, आणि तिचा हात शांतपणे, अजिबात न अडखळता, उजवीकडे गेला आणि त्याने तो कप बारा चांगल्या कपांच्या ओळीत तेरावा म्हणून ठेवून दिला.

तिने डोळे उघडले. कपाच्या काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता, नख जाईल एवढा. त्याच्याकडे बघताना तिच्या तोंडाचं जे झालं ते भट्टीमास्तरला बघवेना.

"साहेब," तो म्हणाला, "माणूस तोंडाने खोटं बोलेल. हा हात मी तीस वर्षं बघतोय. या हाताने बद्द वाजलेला कप कधी चांगल्यात ठेवला नाही. मरता मरताही ठेवला नसता."

मऊसाहेबांनी तो तेरावा कप उचलून तड्यावरून नख फिरवलं. मग त्यांनी वही उघडली, लिहिलेल्या पानावर उभी रेघ मारली, आणि खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून मावशीच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.

"मावशी," ते म्हणाले, या वेळी चांगलं मोठ्याने, "मी पुन्हा लिहितो. सुरुवातीपासून सांगा."

मंजुरीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. ऑपरेशनला होकार होता, तारीखही होती. लेकीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ती शेवटच्या दोन ओळी गाळतेय, हे मावशीने तिच्या ओठांवरून ओळखलं.

"वाच. सगळं वाच."

लेकीने वाचलं. आवाजावरून माल पारखण्याच्या कामासाठी बाई यापुढे योग्य राहिलेल्या नाहीत, असं चाचणीत निश्चित झालं आहे. पत्राची एक प्रत कारखान्याकडे.

ज्याला मावशी तीन महिने भीत होती ते आता कागदावर होतं, शिक्क्यासह. जे मागितलं ते मिळालं आणि ज्यासाठी मागितलं ते गेलं. मास्तरने निरोप धाडला होता, पॅकिंगमध्ये बसायला जागा आहे, केव्हाही या. चांगला माणूस. स्टुलाचं त्याने काही लिहिलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही.

"चहा टाकते," लेक म्हणाली.

तिने फळीवरून हाताला येतील ते दोन कप काढले. एक निळ्या काठाचा होता. मावशीचा हात त्याच्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तो हात असा मध्येच थांबलेला लेकीने जन्मात पहिल्यांदा बघितला. तिला ते सहन होईना. तिने स्वतःच कप उचलला, आईसारखा डाव्या हातात धरला, उजव्या हाताने टिचकी मारली आणि कानाशी नेला.

तिचा चेहरा बदलला. तिने पुन्हा मारली.

"काय गं?" मावशीने विचारलं.

लेकीने तिसऱ्यांदा टिचकी मारली.

"सांग ना. कसा वाजतोय?"

"बद्द," लेक म्हणाली.

मावशीने कप तिच्या हातातून घेऊन खिडकीशी उजेडात धरला. दांडीच्या मुळापासून केसासारखी एक रेघ खाली उतरली होती. चहाचे जुने डाग तिच्यात मुरलेले होते, म्हणजे ती आजकालची नव्हती. मऊसाहेबांनी याच कपातून चहा घेतला होता. त्या गुरुवारीही तो असाच बद्द वाजला असणार, आणि दोन धडधाकट कानांची माणसं खोलीत बसली होती. पण दोघांचंही लक्ष तिच्या हाताकडे होतं. कप कुणीच ऐकला नव्हता.

"फोडू?" लेकीने विचारलं. घरातही नियम तोच होता.

मावशी कप हातात फिरवत उभी राहिली. तिच्या डोक्यात तो वाजत होता, लांब आणि स्वच्छ.

"राहू दे," ती म्हणाली. "चमचे ठेवायला होईल."

तिने तो परत फळीवर ठेवला. मग लेकीकडे उजवा कान करून बसली आणि म्हणाली, "आता दुसरा वाजव. आणि घाई करू नकोस, आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐक. नीट शिकवते तुला."